भरल्या पोटाचा संशय

क्रॉसडीन
रविवार, २६ जानेवारी

प्रिय ब्रिडी,

नाताळच्या कार्डाखेरीज माझं पत्र आलेलं बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करता आला असता, पण या घराच्या भिंती म्हणजे बिस्किटं आहेत. मी खाली कुजबुजले तरी वर नेव्हिलला ऐकू जातं, आणि सांगायचंय ते नेव्हिलबद्दलच. शिवाय पत्र लिहायला बसलं की आपल्या कॉन्व्हेंट शाळेतला सिस्टर अँब्रोजचा शुक्रवारचा शेवटचा तास आठवतो. ती आपली पत्रं पाकिटात जाण्याआधी वाचायची, म्हणून मनातलं सोडून बाकी सगळं लिहायची आपल्याला सवय लागली. आज मात्र सरळ लिहिते.

मला वाटतं, नेव्हिलला दुसरी कुणीतरी जेवू घालते आहे.

हसू नकोस. स्लिपरचा कारखाना उन्हाळ्यात बंद पडला हे तुला कळवलं होतं. त्यानंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी हा गडी तुमच्या रॉथेनशॉच्या कॉलेजात जाऊ लागला, खुर्च्या-सोफ्यांना गादी आणि कापड चढवायला शिकायला. मिसरूड न फुटलेल्या पोरांशेजारी बसतो. मला अभिमानच वाटला. जूनमध्ये प्रमाणपत्र मिळालं की तिथल्याच एका सोफेवाल्याने कामावर घेण्याचा शब्द दिलाय. तोवर आम्ही जपून राहतो आहोत, इतकंच.

मी रोज सकाळी त्याचा डबा भरते. सँडविच, कागदात बांधून. डबा रिकामा परत येतो. पण नवीन सत्र सुरू झाल्यापासून हा घरी येतो तो भरल्या पोटाने. दोन बस बदलून, गारठ्यातून आलेला माणूस, समोर गरम ताट ठेवलं की दोन घास खातो आणि ताट माझ्याकडे सरकवतो. म्हणतो, तू खा, मला भूक नाही. ब्रिडी, या माणसाने आमच्या सगळ्या संसारात ताटात बटाटा टाकलेला मी पाहिलेला नाही.

परवा मफलर धुवायला घेतला तर त्याला ग्रेव्हीचा वास. शर्टाच्या बाहीवर लाल कोबीच्या लोणच्याचा डाग. लाल कोबी मी घरात आणत नाही. लिपस्टिकचा डाग असता तर एक वेळ समजू शकले असते. ओठ कुणीही रंगवतं. ग्रेव्ही करायची तर बाईला चुलीपाशी उभं राहावं लागतं. प्रकरण तिथवर गेलंय.

तू त्याच कॉलेजच्या कँटीनमध्ये गल्ल्यावर बसतेस हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांना भेटलाही नाहीत. तू आईच्या अंत्यविधीला आलीस तेव्हा तो शवपेटीमागे होता आणि तू रडत होतीस. तेव्हा लक्ष ठेव. राखाडी मफलर, डावा कान किंचित पुढे आलेला, दीपगृहाचं चित्र असलेला पत्र्याचा डबा. दुपारी कुणाबरोबर बसतो, कुणाबरोबर बाहेर जातो, एवढंच मला कळव. तसं काही असलं तर मी त्याची बॅग दाराबाहेर ठेवीन. मग कोर्स राहिला काय आणि गेला काय.

तुझी,
सिसिली


रॉथेनशॉ
गुरुवार, ३० जानेवारी

प्रिय सिसिली,

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्ची शोधली. ग्रेव्हीचा मुद्दा बिनतोड आहे. माझा टॉम जिवंत होता तेव्हा मी त्याच्या खिशांवर नजर ठेवायचे. बाह्या बघायचं सुचलंच नाही.

लक्ष ठेवते, पण आमच्याकडे सध्या जत्रा आहे. नव्या सत्रापासून कॉलेजने एक नवीन सोय काढली आहे. घरची मिळकत कमी असलेल्या सोळा-सतराच्या मुलांना दुपारचं जेवण फुकट होतंच. आता ते मोठ्या विद्यार्थ्यांनाही लागू केलं, अगदी आजोबा झालेल्यांनासुद्धा. उन्हाळ्यापर्यंत करून बघणार आणि मग ठरवणार. त्यामुळे आमच्या रांगेत आता गवंडी, नर्सिंगवाल्या बाया, इंग्रजी शिकायला येणारे, सगळे उभे असतात. प्रत्येक जण गळ्यातलं कार्ड यंत्राला टेकवतो आणि पुढे जातो. कुणाचं फुकट आणि कुणाचं विकत हे फक्त माझ्या पडद्यावर दिसतं. ते बाहेर कुणाकडे बोलणार नाही, अशी आमच्याकडून लेखी हमी घेतली आहे. नवऱ्याकडे नाही, पाद्र्याकडे नाही. मला नवरा नाही आणि फादरना माझ्या पापांतच रस आहे, तेव्हा मला अवघड नाही.

राखाडी मफलर या गावात निम्म्या पुरुषांचे आहेत. कान बघते.

तू खातेस ना नीट? नाताळच्या फोटोत तुझा कोट तुला कुणी उसना दिल्यासारखा दिसत होता.

तुझी,
ब्रिडी


क्रॉसडीन
रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय ब्रिडी,

माझ्या कोटाचं राहू दे. थंडीत माणसं आखडतात.

तुमच्या कँटीनची बातमी वाचून मला काय वाटलं ते लिहिते. मोठी माणसं ताट घेऊन रांगेत? ज्यांनी आयुष्यभर कमावून घर चालवलं, ती? तुला शाळेतल्या निळ्या मगांची आठवण आहे की नाही कोण जाणे. तू माझ्या समोरच बसायचीस आणि तुझा कप पांढरा असायचा. ज्यांच्या जेवणाचे पैसे चर्च भरायचं त्यांना निळा पत्र्याचा मग. सिस्टर म्हणायच्या की मोजायला सोपं जातं. मोजायला सोपं जात असेल. त्या निळ्या मगातलं दूध मी शाळा सुटेपर्यंत प्यायले, आणि तेव्हाच ठरवलं की माझ्या घरातलं कुणी पुन्हा दुसऱ्याच्या पुण्याईवर जेवणार नाही. नेव्हिललाही हे चांगलं ठाऊक आहे. त्याचा डबा घरून जातो याचं मला समाधान आहे, भले त्यासाठी बाकी कुठे हात आखडता घ्यावा लागला तरी. मी दुपारचं काही मांडत नाही. एकटीसाठी काय गॅस पेटवायचा?

आता त्याचं ऐक. मंगळवारी मी त्याला मुद्दाम विचारलं, आज डब्यात काय होतं? तो म्हणाला, नेहमीप्रमाणे छान होतं. काय होतं ते नाही सांगितलं. बुधवारी घरी आला तो गुणगुणत. आणि गुरुवारी संध्याकाळी ताट माझ्याकडे सरकवून म्हणतो कसा, तू जरा भरलीस तर बरी दिसशील. अपराधी माणूसच इतका गोड होतो. मी ते ताट तसंच झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच सँडविचमध्ये घातलं. बघू दे त्याला, टाकलेलं अन्न कसं पाठलाग करतं.

तुला तो दिसला का? दिसला असेल तर लपवू नकोस. मी वाईट बातमी पचवू शकते. अर्धवट बातमी मला पचत नाही.

सिसिली


रॉथेनशॉ
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय सिसिली,

तो सापडला.

खरं सांगायचं तर आधी कागद सापडला. टेबलं पुसताना एका ठिकाणी सँडविचचा कागद पडलेला होता, आणि त्याच्या घड्या बघून मला शाळेच्या स्वयंपाकाच्या तासाचा वास आला. दोन्ही टोकं आत, मग त्रिकोण, मग कडेची जीभ खोचायची. दोरा लागू नये म्हणून आपल्याला शिकवलेली घडी. या गावात तशी घडी घालणारी मी एकटी आहे, आणि तो कागद माझा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर डोळा ठेवला. दीपगृहाचा डबा, कान, सगळं जुळलं.

तर ऐक. बाई नाही. म्हणजे तुला वाटते तशी नाही. तो खाली मान घालून जेवतो, खुर्ची जागेवर लावतो आणि वर्गात जातो. बाहेर कुठे जात नाही. सभ्य माणूस आहे. डब्यातला एक कणसुद्धा उरत नाही.

आता हे डोक्यातून काढून टाक. बाही कुठेही घासली जाते, आणि कँटीनमध्ये बसलं की वास कपड्यांना लागतोच; माझ्या केसांना रविवारी चर्चमध्ये मासलाही कांद्याचा वास येतो. तुझ्या माणसावर विश्वास ठेव, कोर्स पुरा होऊ दे. जून काही लांब नाही.

इथे सगळं ठीक. गुडघा बोलतो आहे.

तुझी,
ब्रिडी


क्रॉसडीन
बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ब्रिडी,

तुझ्या पत्राने जीव भांड्यात पडला. कागदाची घडी तू ओळखलीस याची गंमत वाटली. स्वयंपाकाचा तास घेणारी सिस्टर बेनिग्ना स्वर्गात टाळ्या वाजवत असेल.

तुझं म्हणणं पटलं. मी उगाच शंका घेत बसले. माणूस रिकामा बसला की डोक्यात जळमटं धरतात. आता मी ठरवलंय की त्याला चांगलंचुंगलं खायला घालायचं. काल, मंगळवारी, सँडविचमध्ये एक नवीन सारण घातलं होतं. फार खटपट करून केलं. त्याला विचारलं तर म्हणाला, झकास होतं. पण त्याचं काय, तो मला बरं वाटावं म्हणूनही म्हणेल.

तू काल कामावर असशीलच. तू बघितलंस का त्याला खाताना? आवडलेलं दिसलं का? कळव हं. आवडलं असेल तर पुन्हा करते.

तुझी लाडकी,
सिसिली


रॉथेनशॉ
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय सिसिली,

अशी पत्रं आली की बरं वाटतं. हो, मंगळवारी मी होतेच, आणि मुद्दाम त्याच्या टेबलाकडे बघितलं. चवीने खाल्लं त्याने. शेवटी बोटंसुद्धा पुसून घेतली. समोर बसलेला एक जण काहीतरी विचारत होता, बहुधा कृतीच विचारत असेल. तेव्हा खुशाल पुन्हा कर.

पुढचा आठवडा सुट्टीचा. मी बहिणीकडे जाऊन येईन म्हणते. तूही जरा बाहेर पड.

तुझी,
ब्रिडी


क्रॉसडीन
सोमवार, १७ फेब्रुवारी

ब्रिजिट,

मंगळवारच्या सँडविचमध्ये स्लिपरचा तळवा होता.

कारखान्यातून आणलेला फेल्टचा जाड लोकरी तुकडा, तपकिरी, पावाच्या मापाने कापलेला. दोन्ही बाजूंनी लोणी लावून, कागदात आपल्या घडीने बांधून दिला. नेव्हिल म्हणाला झकास होतं. तू म्हणालीस चवीने खाल्लं आणि बोटं पुसली. तुम्ही दोघं एकाच सुरात बोललात. नवरा खोटं बोलेल हे मी धरून चालले होते. तू बोलशील हे नाही.

मग मी विचार करत बसले. तुझं पहिलं पत्र मोकळं होतं. त्याला शोधून काढल्यावरचं पत्र मात्र इस्त्री केल्यासारखं आलं. बाई नाही, म्हणजे तुला वाटते तशी नाही. मग कशी आहे? एका वाक्यात तू बाई पुसलीस आणि त्याच वाक्यात परत उभी केलीस. त्याला रोज दुपारी गरम जेवण कुणीतरी वाढतं. ग्रेव्ही, लाल कोबी. तुझ्या केसांना कांद्याचा वास येतो असं तूच लिहिलंस. तू विधवा आहेस, तुझ्या हाताशी भांडंभर ग्रेव्ही आहे, आणि तो सभ्य आहे हे तुला इतक्या लवकर कसं कळलं?

एकच प्रश्न विचारते, आणि सिस्टर अँब्रोज वाचणार आहे असं समजून उत्तर दे. माझ्या नवऱ्याला जेवण तू देतेस का?

त्याला मी अजून काही म्हटलेलं नाही. सुट्टी आहे, घरातच असतो, कोपऱ्यातली खुर्ची उसवून पुन्हा शिवतोय. पण त्याची बॅग मी माळ्यावरून काढून ठेवली आहे. येत्या रविवारी मी ती दाराशी ठेवणार.

सिसिली


रॉथेनशॉ
गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रिय सिसिली,

बहिणीकडे गेले नाही. तुझं पत्र आलं आणि टेबलाशीच बसून राहिले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, देते. मी सगळ्या कॉलेजला जेवण देते. तो रांगेत येतो, मी त्याच्याकडे बघून म्हणते, चल सोन्या, पुढे हो. तेच मी त्याच्या मागच्या गवंड्याला म्हणते. माझ्या गुडघ्याला पट्टा आहे आणि ॲप्रनखाली मी दोन स्वेटर घालते. माझ्यावरून तू झोप घालवावीस असं माझ्यात आता काही उरलेलं नाही. वाईट मात्र वाटलं. पत्र परत परत वाचलं आणि दर वेळी वाटलं.

मी खोटं बोलले. तो तुझी सँडविच खात नाही. का खात नाही, कुणाला देतो, ते मला माहीत आहे, आणि मी लिहू शकत नाही. तुला चिडवायला नाही. माझ्या कामात काही गोष्टी माझ्या नसतात, त्या ज्याच्या त्याच्या असतात. सुट्टी लागायच्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की मी सिसिलीची ब्रिडी आहे. तो पांढराफटक पडला. मी म्हटलं, तिला सांग. तो म्हणाला, सांगितलं तर ती मला इथे पाऊल टाकू देणार नाही. आणि तुम्ही सांगितलंत तर मी स्वतःच यायचं बंद करीन. मी त्याला किती विनवलं ते माझं मला ठाऊक. माझं तोंड मोकळं करायला तो तयार झाला नाही, म्हणून मी ते मिटून ठेवलं, आणि मिटलेलं तोंड तुला दिसू नये म्हणून खोटं बोलले. त्यातून हे झालं.

बॅग दाराशी ठेवलीस तर तो जाईल. कुठे जाईल ते देव जाणे, कॉलेजात मात्र येणार नाही. मग जूनचं काम गेलं, आणि तू त्या घरात एकटी. ते मला बघवणार नाही.

म्हणून एक सुचवते. रविवारी काही करू नकोस. सुट्टीनंतरच्या शुक्रवारी इथे ये. दारावर नाव लिहून घेतात आणि पाहुण्याची पट्टी लावतात. पाहुण्यांना विकत जेवण मिळतं, शुक्रवारी मासे असतात. रांगेत उभी राहा. तुझ्या डोळ्यांनी बघ. मी काही सांगितलं असं होणार नाही आणि तुला सगळं कळेल.

त्यानंतरही माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण ये.

तुझी,
ब्रिडी


क्रॉसडीन
रविवार, २ मार्च

प्रिय ब्रिडी,

शुक्रवारी मी तुझ्यासमोर आले तेव्हा तू ओळख दाखवली नाहीस. मला म्हणालीस, चल सोन्या, पुढे हो. पैसे घेतलेस आणि काच पुसायला लागलीस. चांगलं केलंस. तेव्हा तू दयेने बघितलं असतंस तर मी ताट तिथेच ठेवून बस पकडली असती.

तुला दिसलं नाही ते लिहिते.

मी मुद्दाम त्याच्या मागे चार-पाच माणसं सोडून उभी होते, टोपी कानापर्यंत ओढून. तुझ्याकडे बघत होते आधी, तू कुणाकडे कशी बघतेस म्हणून. मग कार्डांकडे बघू लागले. तू लिहिलेलं आठवलं आणि मी ओळखायचा प्रयत्न केला, यांतलं फुकट कोण आणि विकत कोण. आमच्या वेळी दारातून कळायचं. मी एकेक चेहरा बघितला, कपडे बघितले, बूट बघितले. रंगाने माखलेला एक दांडगा पुरुष, त्याच्यामागे कडक कॉलरची एक बाई. यंत्राचा सगळ्यांना एकच आवाज. मला ओळखता येईना. मग नेव्हिलने कार्ड टेकवलं, आणि तेव्हा मला कळलं. यंत्रामुळे नाही. त्याने ताट उचललं ना, तसं. घरी तो ताट असं उचलत नाही. दोन्ही हातांनी, सांभाळून, जसं काही कुणी परत मागेल.

मी जाऊन त्याच्यासमोर बसले. त्याच्या हातातला काटा खाली पडला. मी म्हटलं, उचल आधी. त्याने उचलला, पुसला, आणि मग म्हणाला, "हे मला मिळतं, सिसिली. घरात कमी येतं अशांना देतात. मी जानेवारीपासून खातोय."

मी त्याला विचारलं की मग मी पहाटे उठून कशाला मरते. त्यावर त्याने उलट मलाच प्रश्न केला. म्हणाला, "तू दुपारी काय खातेस?"

"चहा."

"आणि?"

"चहाच."

त्याने मान हलवली. त्याला संशय होता. शरद ऋतूपासून होता, माझ्या स्कर्टला मी सेफ्टी पिन लावू लागले तेव्हापासून. म्हणून त्याने कॉलेजात जाऊन मिळकत सांगितली. हिशेब असा केला की आपण इथे पोटभर जेवायचं आणि संध्याकाळचं ताट हिच्याकडे सरकवायचं. मी ते ताट झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच्याच डब्यात भरते आहे हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला वाटायचं मी खाते. मला वाटायचं त्याला दुसरी खाऊ घालते. आणि खात होती भलतीच.

ती तेवढ्यात आलीच. जांभळ्या केसांची, चाळिशीची, लॉरेन. मी तिला बघून ताठ झाले. तिने मला बघितलं, नेव्हिलला बघितलं, आणि तिला सगळं समजलं असावं, कारण तिने खुर्ची जरा लांब ओढली आणि म्हणाली, "बाई, हॅम छान असतं तुमचं. पण त्या मंगळवारचं मला चावताच आलं नाही."

ब्रिडी, मी हसले. कँटीनमध्ये, मोठ्याने, आणि मग ते हसू दुसरंच काहीतरी व्हायला लागलं, तेव्हा नेव्हिलने मला त्याचा मफलर दिला. लॉरेनचे वर्गाचे तास कमी पडतात म्हणून तिला जेवण मिळत नाही. आठवड्यातून दोन सकाळींचा कोर्स आहे तिचा. तासांच्या नियमाच्या रेषेअलीकडे तो, पलीकडे ती, म्हणून तो डबा तिच्याकडे सरकवायचा. बाकीचे दिवस त्या टेबलावर जो असेल त्याला. माझ्या नवऱ्याला ताटं सरकवायची सवयच लागली आहे.

मी त्याला तिथेच सांगितलं की मला हे आवडलेलं नाही. आवडलेलं नाहीच. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, असंही म्हटलं. तो म्हणाला, म्हणूनच नाही विचारलं. मग त्याने विचारलं की सोमवारी येऊ का नको. मासा थंड होत होता. सगळे आपापलं खात होते, आमच्याकडे कुणीही बघत नव्हतं. मी म्हटलं, ये.

डबा आता बंद. लॉरेनसाठी तिच्या दोन सकाळी मी एक जास्तीचं बांधून देईन, त्यात माझी कुरकूर नाही; तिने फेल्ट चावलाय. तुमचे लोक उन्हाळ्यात काय ठरवतात ते बघू. बंद करायचं म्हणाले तर मला कळव, मला पत्र लिहिता येतं.

तुझी माफी मी टपालाने मागणार नाही. पुढच्या रविवारी मासनंतर इकडे ये, समोर बसून मागते. मी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते तू जाळून टाक. नाही जाळलंस तर निदान तुझ्या भांडंभर ग्रेव्हीबद्दलचं माझं मत खरं मानू नकोस.

आता शुक्रवारच्या संध्याकाळचं सांगते. घरी आल्यावर मी सॉसेज तळले, बटाटा कुस्करला, कांदा परतला. सवयीने दोन ताटं काढली. त्याने एक उचलून परत कपाटात ठेवलं आणि समोर येऊन बसला, दोन्ही कोपरं टेबलावर रोवून, जे मी या घरात कधी चालवून घेतलेलं नाही.

मी म्हटलं, "असा काय बघतोस?"

"खात्री करतोय," तो म्हणाला.

मी खायला लागले. पहिले काही घास मला गिळवेनात, कुणी असं बघत असताना कोण गिळेल? मग गिळवले. मग भूक लागली, अशी की माझी मलाच लाज वाटली. मी सगळं खाल्लं. पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं, आणि तो तुकडाही तोंडात गेल्यावर त्याने टेबलावरची कोपरं काढली.

सिसिली